उतारावरची चौतीस मिनिटं

घाटंजी
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय जमीरमामू,

सलाम. या महिन्याचं पत्र चार दिवस उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल आधी माफी. आळसानं उशीर झालेला नाही. एक गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही हे ठरत नव्हतं, आणि ती वगळून लिहिलं असतं तर पत्र खोटं झालं असतं.

मी एका शर्यतीत नाव दिलं आहे. तिला ड्युएथलॉन म्हणतात. आधी सहा किलोमीटर पळायचं, मग बावीस किलोमीटर सायकल, आणि सायकलवरून उतरलं की पुन्हा तीन किलोमीटर पळायचं. यवतमाळचा एक सायकल क्लब १६ फेब्रुवारीला बोरमाळच्या टेकड्यांमध्ये ती भरवतो आहे. डांबर कुठेच नाही. मुरूम, गिट्टी आणि सागाच्या जंगलातली बैलगाडीची वाट. सायकलच्या दोन फेऱ्या आहेत. प्रत्येक फेरीत चार किलोमीटर घाट चढायचा, वर माळावरून चार किलोमीटर जायचं आणि पलीकडून तीन किलोमीटर उतरायचं. शर्यत सुटल्यापासून पावणेतीन तासांच्या आत दुसरी फेरी संपवली नाही, तर पंच तिथेच थांबवतात. शेवटचं पळू देत नाहीत.

माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या गौरी मुळावकरनं मला यात ओढलं. नाव द्यायला गेलो तेव्हा अब्बाही बरोबर होते, कारण सायकल दाखवायची होती. सायकल त्यांनीच बांधली आहे. भंगारातून जाड टायरच्या सायकलची चौकट आणली, आणि दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या फवारणी पंपांची गर्दी ओसरल्यावर रोज दुपारी तासभर तिच्यावर बसले. हँडलच्या खाली पांढऱ्या रंगात त्यांनी आपलं नाव बारीक लिहिलं आहे, ‘जहीर’. क्लबच्या माणसानं सायकल पाहिली आणि मला म्हणाला, “ताई, आमच्याकडे भाड्यानं मिळते. घाट आहे. भरवशाचे ब्रेक असलेली घ्या.” अब्बांनी सायकल उचलून टेम्पोत ठेवली.

मला नंबर नको आहे, मामू. ही सायकल घेऊन वेळेत पोहोचायचं आहे, एवढंच.

वर्गातल्या मुली विचारतात, “बाई, तुम्ही पहिलीत कोणत्या शाळेत होत्या?” मी सांगते, मामूच्या ट्रकच्या केबिनमध्ये. त्यांना ती थाप वाटते. तेव्हा गाडीवर जसं शिकवलंत तसं आताही शिकवा. घाट कसा चढायचा? दम कुठे खर्च करायचा आणि कुठे राखायचा?

तुमची,
गझाला


वणी
५ डिसेंबर

बेटा गझाला,

खूप खूप दुवा. तुहं पत्र वजनकाट्यावर बसून वाचलं. कोळशाचे चार ट्रक वजनासाठी उभे, हॉर्नवर हॉर्न, अन् म्या म्हणलं, थांबा रे, भाची शर्यतीत चालली. एक ड्रायव्हर म्हणते, “चाचा, तुमच्या खानदानात पळते कोण? तुम्ही तर चहाच्या टपरीवर बी रिक्षानं जाता.” त्याचं वजन म्या दोनदा केलं.

पळ्याचं अन् सायकलचं विचारते कोणाले, त लंगड्या ड्रायव्हरले. पण घाट मले समजते. ऐक.

भरलेली गाडी घाटाच्या पायथ्याशी जो पळवते, तो अर्ध्या घाटात चाकाले दगड लावून उभा दिसते. चढ लागायच्या आधीच गिअर खाली घे, लागल्यावर नाही. इंजिन ओरडू लागलं त समज, ते तुले शिव्या देऊन राह्यलं. पहिले सहा किलोमीटर असे पळजो का बाजूच्या बाईशी गप्पा मारता आल्या पाह्यजे. लोक पुढं निघतीन. निघू दे. माळावर त्यायचे पाय भरून आलेले दिसतीन तुले. पाणी तहान लागायच्या आधी पेजो. दोन खजूर खिशात ठेवजो.

मले तुही एकच भीती वाटते. तू पहिल्या घाटातच सगळा दम फेकून मोकळी होशीन. लहानपणी बी असंच, बाराखडी एका दमात म्हणाची अन् मंग खोकत बसाची. त हात आवर. आणखी आवर.

उताराचं काही सांगत नाही. उतरतं सगळंच.

तुह्या अम्मीले, हुस्नाले सांगजो, तिचा भाऊ ठीक आहे, गुडघा थंडीत बोलते तेवढाच.

तुहा मामू,
जमीर


घाटंजी
२९ डिसेंबर

आदरणीय मामू,

सलाम. तुमचं पत्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. मागच्या रविवारी गौरी आणि मी शर्यतीच्या वाटेवर सराव केला. तुम्ही सांगितलंत ते सगळं तसंच केलं. पळताना मी गौरीशी मुद्दाम बोलत राहिले, शेवटी ती म्हणाली, “गझाला, पुरे वं, मले श्वास घेऊ दे.” गिअर चढाच्या आधी घेतला. खजूर माळावर खाल्ला.

तरी मी वेळेत आले नाही. पावणेतीन तासांची मर्यादा, आणि मला तीन तास सव्वीस मिनिटं लागली. एकेचाळीस मिनिटं जास्त.

प्रत्येक टप्प्याचा वेळ मी टिपून ठेवला होता. पळणं, शेहेचाळीस मिनिटं. मग सायकलच्या दोन्ही फेऱ्या जवळजवळ सारख्याच गेल्या: चढ तीस मिनिटं, माळ सोळा, उतार चौतीस.

मला वाटतं, चढावर मी कमी पडते. दम राखण्याच्या नादात फार राखते की काय? घरी आले तेव्हा पायांत भरपूर जोर शिल्लक होता. त्याची जास्त लाज वाटली.

अब्बांनी विचारलं, “सायकल कशी चालली?” मी म्हणाले, “छान.” ते खरं होतं. सायकल खरंच छान चालली.

चढासाठी आणखी काय करू ते कळवा. ज्यांना आपला निर्णय बदलायचा असेल त्यांच्यासाठी नाव मागे घेण्याची शेवटची तारीख ८ फेब्रुवारी आहे. मी अजून तसं काही ठरवलेलं नाही, फक्त माहिती म्हणून लिहिलं.

तुमची,
गझाला


वणी
८ जानेवारी २०२५

बेटा गझाला,

म्या पंचवीस वर्षं लॉगशीट भरली अन् आता चौदा वर्षं झाले दुसऱ्यायच्या वजनाच्या पावत्या फाडून राह्यलो. आकडे मले उल्लू बनवू शकत नाही, तू त मुळीच नाही.

चढ चार किलोमीटर, तीस मिनिटं. लय चांगलं. उतार तीन किलोमीटर, चौतीस मिनिटं.

कोणत्या दुनियेत, बाई? रस्ता चढापेक्षा कमी, तोंड खाली, अन् वेळ जास्त? त्या वेळात तर मी बी लंगडत उतरलो असतो, अन् मधात चहा पेलो असतो.

दमाचा सल्ला म्या देला तो चुकला. तुह्या दमाले काही झालं नाही. तू खोटं लिहू शकत नाही हे मले माहीत आहे, म्हणून तुनं आकडे खरे लिहिले अन् तोंड बंद ठेवलं. आता तोंड उघड. उतारावर काय करते तू?

मामू


घाटंजी
१७ जानेवारी

आदरणीय मामू,

मी उतरून चालते.

माळ संपून उतार सुरू होतो तिथे मी सायकलवरून खाली उतरते, दोन्ही ब्रेक दाबून धरते आणि तीन किलोमीटर सायकल हातात धरून चालत जाते. सरावाच्या दिवशी गौरी पुढे निघून गेली होती. दुसऱ्या फेरीत तिनं खालून पाहिलं आणि ओरडली, “पंक्चर झालं काय वो?” मी “हो” म्हणणार होते. म्हणाले, “नाही.” मग तिनं काही विचारलं नाही, आणि ते जास्त वाईट वाटलं.

कारण तुम्हालाच लिहू शकते, आणि तुम्हालाच लिहिणं सगळ्यांत अवघड आहे.

तुमची गाडी उलटली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दवाखान्यात तुमचा पाय वर टांगलेला होता. बाहेर बाकड्यावर एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, “आदल्याच दिवशी ब्रेक जहीरनं केलते न.” अब्बा त्याच्या मागेच उभे होते, हातात तुमच्यासाठी पाण्याची बाटली. त्यांनी ती बाटली माझ्या हातात दिली आणि बाहेर गेले. पुढे गॅरेजवर गाड्या येईनाशा झाल्या आणि आम्ही घाटंजीला आलो. तुम्ही दोघं बोलेनासे झालात. घरात या विषयावर कोणी कधी एक शब्द काढला नाही, म्हणून मला जे कळलं ते त्या बाकड्यावरचंच.

अब्बा रोज पहाटे माझ्या सायकलची हवा तपासतात. ब्रेकची वायर दोनदा बदलली. आणि मी ते आत गेल्यावर दुकानाच्या मागे सायकल नेऊन ब्रेक दाबून पाहते. परवा मोजलं, अकरा वेळा. माणूस चांगला आहे, हात चांगले आहेत, हे मला माहीत आहे. पण उताराच्या तोंडाशी उभी राहिले की तो बाकड्यावरचा आवाज ऐकू येतो. जो माणूस माझ्यासाठी एवढं करतो त्याच्याच हातावर माझा भरवसा नाही. क्लबच्या त्या माणसात आणि माझ्यात मग फरक काय?

एकच विचारते. ब्रेक जायच्या आधी काही कळतं का? आवाज येतो, वास येतो? तुम्हाला त्या दिवशी काय कळलं होतं? ते आधी ओळखता आलं तर मी वेळेवर थांबेन, आणि मग कदाचित बसून उतरू शकेन.

तुमची,
गझाला


घाटंजी
१ फेब्रुवारी

आदरणीय मामू,

सलाम. दोन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. अम्मीला फोनवर तुम्ही “सगळं ठीक” म्हणालात. मी नको ते विचारलं. ज्या दिवशी तुमचा पाय मोडला त्याची आठवण मी माझ्या सोयीसाठी मागितली. माफ करा.

८ तारखेला मी नाव मागे घेणार आहे. अब्बांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. खोटं सांगायचं नाही, आणि खरंही सांगायचं नाही, असं काहीतरी शोधते आहे.

गझाला


वणी
४ फेब्रुवारी

बेटा,

हे पत्र रजिस्टरनं पाठवून राह्यलो, ८ च्या आधी भेटावं म्हणून. नाव मांगं घेऊ नोको. आधी वाच.

तीन पत्रं लिहिली अन् फाडली. शब-ए-बरात जवळ आली. त्याच्या आधी लोक एकमेकायच्या घरी जाऊन कह्या-सुन्याची माफी मांगतात. दर वर्षी म्या सगळ्या मोहल्ल्याची मांगतली, एक घर सोडून.

तू विचारते, त्या दिवशी काय कळलं होतं. सगळं कळलं होतं. वास बी आला होता. कारण ब्रेक गेले नाहीत, गझाला. म्या घालवले.

ट्रकवाल्यायची एक खोड असते. उतार लागला का गिअर काढाचा, गाडी न्यूट्रलमधी सोडाची. डिझेल वाचते. पण गिअरमधी असली का इंजिन गाडीले मांगं ओढून धरते. न्यूट्रलमधी सगळं वजन एकट्या ब्रेकवर येते. कापसाच्या गठाणी भरल्या होत्या. अख्खा घाट म्या पाय ब्रेकवर ठेवून उतरलो. जळल्याचा वास आला, तरी वाटलं, दोन वळणं राह्यले. ब्रेक तापून लाल झाले त धरतीन कसे? दुनियेतला कोणता बी मिस्त्री असू दे, त्याचे ब्रेक त्या दिवशी गेले असते.

ट्रकच्या मालकानं दवाखान्यात विचारलं, “काय झालं?” म्या म्हणलं, “ब्रेक लागले नाहीत.” खोटं नव्हतं, अर्धं होतं. बाकीचं अर्धं लोकायनं आपल्या मनानं भरलं, अन् म्या भरू देलं. जहीरचं गॅरेज बंद झालं तरी भरू देलं. पहिले भीतीनं, मंग लाजेनं. अन् आता कळते का ते सगळं तुह्या डोक्यात जाऊन बसलं. ते मले माहीत नव्हतं. माहीत असतं त बोललो असतो का? हो म्हणाले जीभ वळत नाही. पण आता बोलतो.

तुह्या बापाचे ब्रेक पक्के होते. तेव्हा बी, आता बी.

अन् आता उताराचं सांगतो, जे म्या पहिल्या पत्रात मुद्दाम टाळलं. ब्रेक धरून बसू नोको. दाब, सोड. दाब, सोड. वळणाच्या आधी दाब, वळणात मोकळी जा. बूड मांगं ने, कोपरं ढिले ठेव. नजर चाकाखाली नाही, पुढच्या वळणावर.

मले लिहू नोको वाटलं त नोको लिहू.

जमीर


घाटंजी
१० फेब्रुवारी

मामू,

पत्र ७ ला मिळालं. चार वेळा वाचलं. पहिल्यांदा मला तुमची दया आली. दुसऱ्यांदा नाही.

चौदा वर्षं. अब्बा ट्रक उघडून पुन्हा जोडणारे मिस्त्री होते, मामू. ते आता फवारणीच्या पंपांचे वॉशर बदलतात. तुम्ही मला दर महिन्याला सांगत आलात की पत्रात काही लपवायचं नाही. त्या पत्रांवर मी वाढले. ती सगळी पत्रं आता कपाटात आहेत आणि मला ते कपाट उघडावंसं वाटत नाही.

ही गोष्ट माझी नाही. तुमची आणि अब्बांची आहे. म्हणून मी ती अब्बांना सांगणार नाही. पण त्यांनी काही विचारलं तर खोटंही बोलणार नाही. जेवताना ते “आणखी एक भाकर घे” म्हणतात तेव्हा मला मान वर करता येत नाही. मला यातून सोडवा. तुम्ही त्यांना लिहा. माफी माझ्याकडे मागून उपयोग नाही.

नाव मागे घेतलं नाही. काल शाळेमागच्या छोट्या उतारावरून तीनदा बसून उतरले.

हे पत्र कठोर झालं आहे. पुन्हा लिहिलं तर सौम्य होईल, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

गझाला


घाटंजी
१७ फेब्रुवारी

आदरणीय मामू,

सलाम. शर्यत काल झाली. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, पण तुम्ही काट्यावर वाट पाहत असाल, आणि तुम्हाला न कळवणं मला जमलं नाही.

आधी एक गोष्ट. १५ तारखेला अब्बांच्या नावानं एक पाकीट आलं. अक्षर कोणाचं ते मी लांबूनच ओळखलं. अब्बांनी ते पेचकसानं फोडलं, उभ्यानं वाचलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि हातातला पंप पुरा केला.  दुपारी मात्र ताटावरून लवकर उठले.

आता शर्यत. एकूण बायका अकरा. सकाळी सात वाजता सुटलो. सगळे असे धावले की मैदानाच्या कोपऱ्यावर मी आणि एक मावशी अशा दोघीच मागे उरलो. त्या पुसदच्या, पन्नाशीच्या. म्हणाल्या, “जाऊ दे त्यायले, आपुन आपल्या चालीनं.” सहा किलोमीटर आम्ही त्यांच्या सुनेबद्दल बोलत पळालो. चव्वेचाळीस मिनिटं. सायकल घेऊन निघेपर्यंत दोन मिनिटं गेली, कारण बुटाची नाडी मी दोनदा बांधली.

चढ एकोणतीस मिनिटांत झाला. सुरुवातीला पळत गेलेल्यांपैकी तिघी वाटेत सायकल ढकलताना दिसल्या. तुमचं म्हणणं बरोबर निघालं, हे लिहायला मला आज आवडत नाही. माळावर पंधरा मिनिटं. मग उतार आला.

मी बसून उतरले, मामू. पण दोन्ही मुठी आवळून. तीन किलोमीटर एकदाही ब्रेक सोडला नाही. समोर एकजण गिट्टीवर घसरून पडला, तो उठून हसत होता, तरी मी थांबले आणि मग पुन्हा बसायला धीर होईना. एकोणीस मिनिटं गेली. खाली आले तेव्हा एक तास एकोणपन्नास मिनिटं झाली होती. दुसऱ्या फेरीसाठी उरली छप्पन्न.

उताराच्या पायथ्याशी अब्बा उभे होते. ते मैदानात थांबणार होते; उतार मैदानाच्या कडेला संपतो तिथवर चालत आले होते. मी थांबले. ते दोन हात मागे बांधून म्हणाले, “मी हात लावत नाही, तुमचा नियम असन. तू लाव. चाकाच्या कडेले.”

मी कडेला बोट लावलं आणि ओढून घेतलं. पोळलं.

“धरून ठेवते काय पूर्ण उतार?”

“हो, अब्बा.”

“काहून?”

मी पोळलेलं बोट तोंडात घातलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “धरून ठेवलं का कोणते बी ब्रेक तापतात, बेटा. माहे बी. सोडत जा. दोन बोटं ठेव, मूठ नोको. अन् आता इथं कायले उभी आहे? मी काय पंच आहे?”

दुसरा चढ तीस मिनिटांचा झाला. पाय लाकडासारखे झाले होते, पण गिअर आधीच खाली होता. माळावर सोळा मिनिटं. उताराच्या तोंडाशी घड्याळात दोन तास पस्तीस मिनिटं झाली होती. माझ्याकडे बरोबर दहा मिनिटं होती. चालत गेले तर चौतीस, मघासारखी गेले तर एकोणीस. मी हिशेब दोनदा केला, आणि तो करताना सायकल आधीच उतरायला लागली होती.

पहिल्या वळणाआधी दोन बोटांनी ब्रेक दाबला. सायकल मंदावली. मग बोटं सोडायची होती. तेवढ्यासाठी मला मोठ्यानं बोलावं लागलं. “सोड,” मी म्हणाले, आणि सोडलं. सायकल सुटली, पुढचं वळण आलं, पुन्हा दाबलं, पुन्हा मंदावली. प्रत्येक वेळी. प्रत्येक वेळी, मामू. सहाव्या-सातव्या वळणापर्यंत मी मोजत होते, पुढचं मोजायचं राहून गेलं. सागाची मोठी वाळकी पानं चाकाखाली कडकड वाजत होती. मी बहुतेक ओरडत होते. खालच्या वळणावर अब्बांनी हात वर केला नाही, काही नाही, फक्त बाजूला सरकून मला वाट दिली.

मैदानात शिरले तेव्हा पंचांनी घड्याळ पाहिलं: दोन तास चव्वेचाळीस. ते म्हणाले, “एक मिनिट आहे. पळा.”

शेवटचे तीन किलोमीटर बावीस मिनिटांत झाले. पहिल्या पाचशे मीटरमध्ये पाय माझे नव्हते, मग हळूहळू परत आले. अकरा जणींत मी नववी. पुसदच्या मावशी सातव्या. गौरी चौथी, ती मला मिठी मारून म्हणाली, “पंक्चर नाही न झालं?” आणि आम्ही दोघी रडेपर्यंत हसलो.

क्लबचा तो माणूस सायकलजवळ आला. त्यानं ब्रेक दाबून पाहिले, मग अब्बांना विचारलं, “चाचा, आमच्या बारा सायकली आहेत, बघून द्याल का?” अब्बा म्हणाले, “पाहू. पोराईले पहिले उतरणं शिकवा.”

परतताना टेम्पोत मी अब्बांना सगळं सांगितलं: अकरा वेळा ब्रेक दाबून पाहणं, चालत उतरणं, बाकड्यावरचा माणूस. तुमची गोष्ट सांगितली नाही. ते शेवटी म्हणाले, “त्या माणसाचं नाव मले अजून आठवते.” मग गाव जवळ आल्यावर, “जमीरले पत्र लिहा लागन. तुह्याकडं चांगला कागद आहे का?”

मी दिला आहे. काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. या पत्राबरोबर तेही टाकते आहे.

तुमची,
गझाला


घाटंजी
१७ फेब्रुवारी

जमीर,

पत्र भेटलं. मले लिहिता येत नाही तुह्यासारखं. थोडक्यात लिहितो.

गाडी उलटली त्याच दिवशी म्या ब्रेक ड्रम खोलून पाह्यला होता. तापून निळा पडला होता. लायनर जळून काचेसारखं झालं होतं. गिअरचा दांडा न्यूट्रलमधी होता, तो बी पाह्यला. मिस्त्रीले अजून काय सांगा लागते? तुनं चौदा वर्षं जे लपवलं ते मले पहिल्या दिवशीच माहीत होतं.

बोललो काहून नाही? तुहा पाय टांगलेला होता. लायसन गेलं असतं, मालकानं सोडलं नसतं. हुस्ना रडून राह्यली होती. म्हणलं, बरा झाला का स्वतःच सांगन. पाय सहा महिन्यात बरा झाला. तुले चौदा वर्षं लागले.

लोक काय म्हणत ते म्या सहन केलं. पण पोरगी माह्या हाताले भेते, हे तुह्या पत्रातून कळलं. त्या दिवशी घास उतरला नाही. त्याचा राग तुह्यावर आहे, अन् माह्यावर बी आहे. म्या तोंड उघडलं असतं त पोरगी चालत उतरली नसती.

काल ती बसून उतरली. तू असता त पाह्यलं असतं.

जुम्म्याले दुकान बंद असते. सकाळच्या बसनं ये. हुस्नाले म्या काही सांगतलं नाही, ते तूच सांगजो. मटण आणून ठेवतो. पण पहिले मी बोलन. मधात बोलाचं नाही. मंग तू बोल. मंग जेवू.

जहीर